पेडल जड वाटते

गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली असं सांगितलं की लोक आधी माझ्या नखांकडे बघतात. नखं स्वच्छ असतात. मग त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडतो. खरं सांगायचं तर सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी पाना हातात धरला तो फक्त बाजूला ठेवण्यासाठी. अकोल्याच्या बायपासवर एका मोठ्या कंपनीच्या गाड्या विकणारं आणि दुरुस्त करणारं दुकान आहे, तिथे मी वॉरंटीवाला होतो. हा काय प्रकार असतो हे माझ्या सख्ख्या भावालाही शेवटपर्यंत कळलं नाही. त्यामुळे आधी तेच सांगतो.

नवी गाडी घेतली की कंपनी काही वर्षांची हमी देते. त्या काळात पार्ट बिघडला तर तो फुकट बदलून मिळतो. ग्राहकाला फुकट मिळतो, पण दुकानदाराला तो पैसा कंपनीकडून मागून घ्यावा लागतो, आणि कंपनी सहजासहजी हो म्हणत नाही. पार्ट का बिघडला? कशावरून? गाडी चालवणाऱ्याचीच चूक नाही कशावरून? या प्रश्नांची उत्तरं लिहिणारा माणूस म्हणजे वॉरंटीवाला. काढलेला प्रत्येक पार्ट तारेनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून माझ्या खोलीत यायचा. चिठ्ठीवर मालकाचं नाव, गाडीचा नंबर, किलोमीटर आणि तक्रार. कंपनीचा माणूस येऊन बघेपर्यंत ते सगळं सांभाळायचं, मग तो सांगेल तसं नागपूरला पाठवायचं नाहीतर हातोड्यानं फोडून टाकायचं, म्हणजे बाजारात पुन्हा विकलं जाऊ नये.

ही खोली वर्कशॉपच्या अगदी मागे होती. पुढे दिवसभर ठोकाठोक, हॉर्न, चहाच्या आरोळ्या. मागे मी आणि मेलेले पार्ट. डबाही तिथेच खायचो. सुरुवातीला पोरं बोलवायला यायची, पुढे त्यांनी सोडून दिलं. मला वाईट वाटायचं नाही, असं मी तेव्हा म्हणायचो. वाटायचं.

पण कामात मजाही होती. धामणगाव रेल्वे नावाच्या गावचे एक धान्याचे व्यापारी नव्या गाडीची क्लच प्लेट दोन महिन्यांत जाळून आले. पांढरेशुभ्र कपडे, कपाळाला गंध. म्हणाले, "साहेब, मी त गाडी फुलावानी चालवतो. तुमचा मालच कच्चा हाये." मी गाडीच्या मागे गेलो, वाकून पाहिलं. ओढायच्या हुकाला नव्या दोराचे धागे अडकलेले होते, आणि डिकीत गव्हाचे दाणे. मी विचारलं, "भाऊ, ट्रॉली ओढली काय?" ते जरा वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एकच खेप मारली, साहेब. ट्रॅक्टर बंद पडलं होतं, त काय करता?" दावा नाकारला, पण दर दिवाळीला ते मला अनारसे पाठवायचे. खोटं पकडणाऱ्या माणसाचा राग येत नाही, असं तेव्हा मला वाटलं होतं. स्वतःचं खोटं कोणी पकडलं की कसं वाटतं, हे कळायला बराच वेळ लागला.

जॉब कार्डवर एक रकाना असतो, 'ग्राहकाची तक्रार, ग्राहकाच्याच शब्दांत'. आमच्या वऱ्हाडात हा रकाना म्हणजे मेजवानी होती. 'गाडी सकाळी खोकलते.' 'गेअर रुसला.' 'एसी नुसत्या गोष्टी सांगते, हवा देत नाही.' पुण्याहून आलेल्या ऑडिटरला मी हे वाचून दाखवायचो, तर तो हसू दाबत विचारायचा की याचा अर्थ काय. कारण कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये असली वाक्यं चालत नाहीत. तिथे ठरलेल्या तक्रारींची यादी असते, तीतली एक निवडायची. लोकांचं बोलणं कंपनीच्या यादीत बसवणं हेच माझं खरं कसब होतं. त्यात मी इतका तरबेज झालो की इतर गावांचे वॉरंटीवाले मला फोन करून शब्द विचारायचे.

एका मे महिन्यात बाळापूरचे गुलाबराव आले. भाजीपाल्याचा मळा, भाजी अकोल्याच्या मंडीत, आणि आवाज असा की पुढच्या कोपऱ्यातला माणूस मागच्या खोलीत ऐकू यावा. मी बाहेर आलो तर ते गाड्या सर्व्हिसला घेणाऱ्या मुलाला सांगत होते, "पेडल गोटा झालं ना! दाबलं त दबून नाई राहिलं. मी दोन्ही पाय देऊन त्याच्यावर उभा राह्यलो, तवा कुठं गाडी थांबली. समोर शाळेतले पोट्टे होते, समजलं काय?"

बॉनेट उघडलं. ब्रेक मारताना आपल्या पायाला इंजिन मदत करतं, ती मदत एका हातभर रबरी पाइपातून येते. हा पाइप फुटला की ब्रेक तुटत नाही, पण मदत बंद होते. पेडल दगडासारखं होतं. गुलाबरावांसारखा पैलवान गडी दोन्ही पाय देऊन गाडी थांबवतो. ज्याच्या पायात तेवढा जोर नाही त्याची गाडी थांबत नाही. त्यांचा पाइप वळणाजवळ खालच्या बाजूनं तडकला होता. वरून बघितलं तर नवा कोरा दिसे. बोट खालून फिरवलं तरच चीर लागायची. आमच्याकडे उन्हाळ्यात रस्त्यावरचं डांबर वितळतं, तिथे इंजिनाला चिकटून असलेल्या रबराची काय कथा.

जूनपर्यंत असे पाच पाइप आले. सगळ्यांची चीर एकाच जागी. मी ते एका खिळ्याला लटकवले आणि कंपनीला सविस्तर लिहिलं. मला अभिमान वाटला होता. अकोल्याच्या मागच्या खोलीतल्या माणसानं काहीतरी शोधून काढलंय, कंपनी शाबासकी देईल असं वाटलं. नागपूरहून कंपनीचे अधिकारी आले. गोड माणूस. माझ्या खोलीत दुसरी खुर्ची नव्हती तर ऑइलच्या डब्यावर बसले. म्हणाले, "वानखडेजी, तुम्ही लिहिलंय 'ब्रेक लागत नाही'. लागत नाही का? लागतो ना. जोर जास्त लागतो एवढंच. मग 'पेडल जड वाटते' असं लिहा. खोटं तर नाही ना?"

खोटं नव्हतं. हीच त्यातली गोम होती.

मी का ऐकलं, हेही सांगून टाकतो, नाहीतर मी फारच बिचारा वाटेन. 'ब्रेक लागत नाही' असं लिहिलं की दावा वर जाऊन अडकायचा, चौकशी लागायची, ग्राहक आठ-आठ दिवस गाडीविना राहायचा, मालक माझ्यावर ओरडायचा. 'पेडल जड वाटते' लिहिलं की दुसऱ्या दिवशी मंजुरी. पाइप बदलून ग्राहक खुश. मी ग्राहकाचंच भलं करतोय असं मी स्वतःला समजावलं, आणि जो माणूस तक्रार घेऊन आला त्याचं भलं होतही होतं. जो आला नाही, ज्याचा पाइप अजून तडकायचा होता, त्याचं नाव माझ्या चिठ्ठीवर नव्हतं. दोन उन्हाळे मी 'पेडल जड वाटते' लिहीत राहिलो. अक्षर माझं चांगलं आहे.

सरकारचा कायदा तोवर आला होता. गाडीत सुरक्षेचा दोष असेल आणि कंपनीला तो माहीत असूनही ती गाड्या परत बोलवायला चालढकल करत असेल, तर सरकार हुकूम काढून बोलवायला लावू शकतं आणि वर दंड, तोही गाड्यांच्या संख्येप्रमाणे लाखांपासून पुढे. त्यासाठी सरकारनं एक वेबसाइट काढली. गाडीच्या मालकानं तिथे तक्रार टाकायची. तक्रारी मोजल्या जातात, ठरावीक संख्या भरली की चौकशी सुरू होते. कंपनीनं त्याआधी स्वतःहून गाड्या बोलावल्या तर सहसा दंडाची वेळ येत नाही. म्हणजे खेळ सगळा मोजणीचा. आणि मोजायचं ते काय, तर लोकांनी लिहिलेलं.

हे मी फक्त एका माणसाला सांगितलं. गुलाबरावांचा पाइप दुसऱ्यांदा गेला तेव्हा त्यांना बाहेर चहाला नेलं आणि हळूच म्हटलं, "तक्रार टाका. सरकारच्या साइटवर." ते म्हणाले, "टाकतो ना. पण गाडी साळ्याच्या नावावर हाये, अन् साळा सुरतले."

आता हेही बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे जुनी गाडी विकली की विकणारा कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देतो, घेणारा पैसे आणि पेढे देतो, आणि गाडी जाते. आरटीओत जाऊन नाव बदलणं 'होत राहील' या सदरात पडतं. सोयऱ्याधायऱ्यांत तर नाव बदला म्हणणं म्हणजे अविश्वास दाखवणं. गाडी मोर्शीत फिरते, कागदावर मालक अमरावतीत असतो, कधी कधी तर तो या जगातही नसतो. कंपनीचं पत्र, सरकारचा संदेश, सगळं कागदावरच्या माणसाला जातं. मी गुलाबरावांना अर्धा तास झापलं. म्हटलं, "शिकलेसवरलेले तुम्ही, गाडी नावावर करून घेता येत नाही काय?" त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. बिचाऱ्याला काय माहीत, झापणारा कोण आहे ते.

कारण माझी स्वतःची गाडी मी अशीच दिली होती.

ती गाडी माझ्या बायकोची. पुष्पाची. आम्ही राहायला अमरावतीत आणि माझी नोकरी अकोल्यात, त्यामुळे मी रोज बडनेऱ्याहून रेल्वेनं जायचो. पन्नाशी गाठल्यावर पुष्पानं गाडी शिकायची टूम काढली. मी हसलो तर म्हणाली, "तुमी दुसऱ्याच्या गाड्याइचे दोष काढता, मी आपली चालवते. पाहू कोण पुढं जाते." नवी गाडी तिच्या नावावर घेतली आणि रोज सकाळी ती मला बडनेऱ्याला सोडायची. गाडी वळवून निघताना दोनदा हॉर्न वाजवायची. प्लॅटफॉर्मवरचे लोक माझ्याकडे बघायचे, मला लाज वाटायची. दीड वर्ष हे चाललं. मग ती आजारी पडली आणि चार महिन्यांत गेली.

त्या गाडीत मला बसवेना. हिवाळ्यात मोर्शीचे देवीदास राऊत आले. संत्र्याची बाग, साधा माणूस. बायको शिक्षिका होती, तिला बाजूच्या खेड्यातल्या शाळेत जायला गाडी हवी होती. मी किल्ली दिली. मालकीण वारलेली असल्यानं माझ्या एका सहीनं भागणार नव्हतं. मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र, बंगलोरच्या मुलाची सही, असे चार कागद लागणार होते. देवीदासभाऊंनी वर्षभरात चारदा फोन केला. मी दर वेळी म्हणालो, "करू ना भाऊ, मुलगा आला की करू." मुलगा दोनदा येऊन गेला.

खरं कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं. दर सहा महिन्यांनी माझ्या मोबाइलवर आमच्याच वर्कशॉपचा संदेश यायचा, 'प्रिय पुष्पाजी, आपल्या गाडीच्या सर्व्हिसची वेळ झाली आहे.' नाव तिचं, नंबर माझा. या जगात तिला 'प्रिय' म्हणणारं माझ्याखेरीज एवढं एकच मशीन उरलं होतं. कागद बदलले की तेही थांबणार. म्हणून मी टाळलं. लिहिताना लाज वाटते, पण असंच आहे.

आणि त्याहून वाईट ते पुढे आहे. गाडी विकल्यावर पाच महिन्यांनी गुलाबरावांचा तो पहिला पाइप माझ्या टेबलावर आला. पुष्पाची गाडी त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची. माझ्या मनात ते आलं नाही असं नाही. पहिल्याच दिवशी आलं. देवीदासभाऊंना एक फोन करायचा, भाऊ, गाडी घेऊन या, पाइप बघून घेऊ, एवढंच. मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोन केला असता तर त्यांनी कागदांचं विचारलं असतं.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी रिटायर झालो. खोलीची किल्ली दिली, खिळ्यावरचे पाइप नव्या माणसाला दाखवले, पेढे वाटले आणि घरी आलो. घरी म्हणजे चार खोल्या आणि मी. सकाळी पेपर, संध्याकाळी कॉलनीच्या बाकावर चार म्हातारे. तिथे माझा मान होता तो मोबाइलमधला जाणकार म्हणून. त्याच उन्हाळ्यात एका दुपारी माझ्या फोनवर सहा आकड्यांचा संदेश आला, हा क्रमांक कोणालाही सांगू नका असा. दहा मिनिटांनी दुसरा. मग तिसरा. मी कशासाठी आलाय तेही वाचलं नाही. तिन्ही पुसून टाकले आणि संध्याकाळी बाकावर फुशारकी मारली की भामटे माझ्या खात्यावर टपले होते, पण मी काही त्यांच्या हाती लागलो नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं गेली. यंदा पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी आली. सरकारनं ब्रेकच्या तक्रारींबद्दल एका कंपनीकडे खुलासा मागितला आहे, उशिराबद्दल दंड होऊ शकतो. पंधरा दिवसांत दुसरी बातमी आली, तीच कंपनी 'खबरदारीचा उपाय म्हणून स्वतःहून' गाड्या तपासायला बोलावणार. मी हसलो. स्वतःहून! आणि मग फोन वाजला.

एका मुलीचा आवाज. "नमस्कार, पुष्पा वानखडे मॅडमशी बोलायचं होतं. मॅडम आहेत का?"

ती पुढे पाठ केलेलं म्हणत गेली, आपल्या गाडीच्या ब्रेकच्या पाइपची मोफत तपासणी, घाबरण्यासारखं काही नाही. मग थांबली आणि म्हणाली, "सर, तुम्ही वानखडे सर तर नाही? तुमच्या टेबलावर आता मीच बसते. तुमचे टॅग, त्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, अजून आहेत खोलीत." मी म्हटलं, "मॅडम नाहीत. गाडीही नाही. पण मी आणतो."

देवीदासभाऊंचा जुना नंबर लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी एसटीनं मोर्शीला गेलो, विचारत विचारत बागेतल्या घरी पोचलो. भाऊंनी ओळखलं, पण चेहरा काही फुलला नाही. घराच्या बाजूला टिनाच्या शेडखाली गाडी उभी होती. अंगावर ताडपत्री, वर संत्र्याचे रिकामे क्रेट. पुढचा भाग ठोकून सरळ केलेला, एक दिवा नव्हता.

"काय झालं हो भाऊ?" मी विचारलं.

"होईन काय? पुलाच्या उतारावरून बाभळीले जाऊन भिडली," भाऊ म्हणाले. "दोन वर्स होतीन आता. आमची हे चालवून राह्यली होती. बाजूले माय. मायचा खुबा मोडला, तवापासून खाटेवर हाये. हेचा हात. तिले म्हटलं होतं, बाईमाणसानं घाटाउताराची गाडी चालवू नाई."

'हे' म्हणजे त्यांच्या पत्नी, वंदनाताई. त्या दारात उभ्या होत्या. ओसरीवर खाटेवर त्यांची सासू पडलेली होती, डोळे उघडे, कान आमच्याकडे. भाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "माय तिच्यासंगं बोलत नाई. तवापासून."

मी बॉनेट उघडायला सांगितलं. आत कोळ्यांची जाळी, धूळ. ठोकणाऱ्या मेकॅनिकनं दिसत होतं तेवढं दुरुस्त केलं होतं, पाइपाला हात लावला नव्हता. त्याचीही चूक नाही, वरून तो नवा कोरा दिसतो. मी हात घातला आणि बोट खालून फिरवलं. चीर लागली. जिथे लागायची तिथेच. मी हात बाहेर काढून रुमालाला पुसला.

मग मी ओसरीवर आलो आणि उभ्या उभ्याच सांगितलं. "वंदनाताई, ब्रेक लागला नव्हता. तुमची चूक नाही. गाडीत दोष होता, कंपनीला माहीत होता. मलाही माहीत होता."

वंदनाताई उंबऱ्यावरच खाली बसल्या. म्हणाल्या, "मी सांगत होती सगळ्याइले. पेडल दबतच नाई म्हणून. मेकॅनिक म्हणे, मॅडमचा पाय नाजूक हाये. हे म्हणे, तू घाबरली असशीन. मंग माह्या मनालेच वाटाले लागलं, का आपूनच घाबरलो." आणि मग, "काकाजी, मी सरकारच्या साइटवर तक्रारही टाकून पाह्यली होती. हात प्लास्टरमधी होता, एका हातानं भरली, ह्याइले न सांगता, म्हणून तुमाले फोन नाई केला. पण त्याचा नंबर मालकाच्या मोबाइलवर जाते म्हणे. तीनदा पाठवला. तुमचा फोन बंद होता काय तवा?"

फोन बंद नव्हता. मी त्यांना तेही सांगितलं. तीन संदेश आले होते आणि ते पुसून मी बाकावर फुशारकी मारली होती, असं जसंच्या तसं. कागद का केले नाहीत तेही सांगितलं. पुष्पाचं, हॉर्नचं, त्या संदेशांचं. मला वाटलं आता शिव्या बसतील, आणि खरं तर बसाव्यात असंच वाटत होतं.

बोलली ती म्हातारी. "कंपनीले दंड होईन म्हणता?"

"होईल कदाचित, आजी. किंवा नाहीही. त्यांनी आता स्वतःहून गाड्या बोलावल्या ना."

"झाला त कोणाले भेटते थो पैसा?"

"सरकारला."

"मी दोन वर्स या पोरीसंगं बोलली नाई," म्हातारी म्हणाली. "एका घरात. तिच्या हातचं खाल्लं, तिनं अंग पुसून देल्लं, अन् बोलली नाई. थे दोन वर्स कोण भरून देईन? सरकार, का तुमी?"

सव्वीस वर्षं मी कंपनीच्या प्रश्नांची उत्तरं लिहिली, पण हा रकाना कुठल्याच कार्डवर नव्हता. मी हात जोडले. म्हातारीनं मान भिंतीकडे वळवली आणि तशीच, कोणाकडे न बघता म्हणाली, "वंदना, ह्याइले चहा ठेव. उन्हातून आले."

वंदनाताई एकदम उठल्या, आत गेल्या. आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि मग रडण्याचा. भाऊ उठून आत गेले. मी एकटाच ओसरीवर बसून होतो. दुसऱ्याच्या घरात इतका परका मी कधी झालो नव्हतो, आणि त्या घरातून हलावंसंही वाटत नव्हतं.

चहा झाल्यावर मी पुठ्ठा आणि तार मागितली. क्रेटचा पुठ्ठा मिळाला. जुन्या सवयीनं चिठ्ठी केली. मालकाचं नाव, पुष्पा वानखडे. चालवणारीचं नाव, वंदना राऊत. गाडीचा नंबर, किलोमीटर. तक्रारीच्या जागी आलो आणि विचारलं, "ताई, सांगा. तुमच्या शब्दांत."

त्यांनी सांगितलं आणि मी एकही अक्षर न बदलता लिहिलं. 'मी पाय दाबला. सगळा जोर लावून दाबला. ब्रेक लागला नाही.' चिठ्ठी पाइपाला बांधली. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपची उचलून नेणारी गाडी आली, तिच्यामागे मीही अकोल्याला गेलो आणि माझ्या टेबलावर बसणाऱ्या त्या मुलीला म्हटलं, बेटा, यादीतला शब्द शोधू नकोस, हे असंच चढव. ती म्हणाली, "दावा अडकेल, सर." मी म्हटलं, अडकू दे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चढवलं. तिच्यात माझ्यापेक्षा हिंमत आहे.

मग कागद. बंगलोरहून मुलाची सही आली, प्रतिज्ञापत्र झालं. आरटीओच्या कामाला दोन आठवडे लागले. जे मी चार-पाच वर्षं टाळलं ते दोन आठवड्यांचं काम होतं. शेवटच्या टप्प्यावर वंदनाताईंचा ऑफिसमधून फोन आला. आता गाडी त्यांच्या स्वतःच्या नावावर व्हायची होती, भाऊंनीच तसं सुचवलं होतं. "काकाजी, तुमच्या मोबाइलवर सहा आकडे आले असतीन. थे सांगा म्हणते हा माणूस."

आले होते. या वेळी मी संदेश पूर्ण वाचला. वर पुष्पाचं नाव होतं. हे आकडे सांगितले की तिच्या नावानं या फोनवर पुन्हा काही येणार नव्हतं. मी चष्मा पुसला आणि एकेक आकडा सांगायला लागलो. पाच सांगून झाले आणि थांबलो. पलीकडे ऑफिसातला गोंगाट ऐकू येत होता.

"काकाजी?" वंदनाताई म्हणाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "घाई नाई. सवडीनं सांगा."

"नाही ताई," मी म्हटलं, "उशीर झालाच आहे." आणि सहावा आकडा सांगितला.